कमी रेटिंगवाला जिंकला, म्हणजे तुक्का नव्हे

आमच्या यवतमाळकडच्या गावात पोरगं बुद्धिबळात वरच्या रेटिंगवाल्याला हरवून आलं की पारावर ऐकू येतं, "तुक्का लागला!" हा जुना गैरसमज आहे. रेटिंग म्हणजे मागच्या डावांवरून बांधलेला खेळाडूच्या ताकदीचा अंदाज. ते मोजायच्या एलो पद्धतीत दोघांच्या रेटिंगमध्ये 200चा फरक असला तरी 100 डावांत खालच्याला सुमारे 24 गुण अपेक्षितच असतात (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा गुण धरून). आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखला 2025च्या महिला विश्वचषकात 15वं मानांकन होतं. जॉर्जियातल्या बातुमीत तिनं अंतिम फेरीत वरच्या मानांकनाच्या कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जलद डावांत, हरवलं. तो काय तुक्का होता? खेड्यातल्या पोराला तर रेटिंग स्पर्धेसाठी दूर शहर गाठावं लागतं. डाव मोजकेच होतात. खेळ सुधारतो, आकडा मात्र जुनाच राहतो.