११३ जी सोसलेला माणूस आणि पाच जीला रद्द झालेली शर्यत

शुक्रवार, २७ एप्रिल २००१. अमेरिकेत फोर्ट वर्थजवळच्या टेक्सास मोटर स्पीडवेवर रविवारच्या शर्यतीचा सराव चालू होता. ब्राझीलच्या मॉरिसिओ गुजेल्मिनची गाडी दुसऱ्या वळणावर भिंतीवर आदळली, घसरत पुढे गेली आणि तिसऱ्या वळणावर पुन्हा आदळली. पहिल्या धक्क्याची नोंद झाली ६६.२ जी आणि दुसऱ्याची ११३.१ जी. एक जी म्हणजे जमिनीवर स्वस्थ बसलेल्या माणसाला जाणवणारं त्याचं नेहमीचं वजन. त्या एका क्षणी गुजेल्मिनचं शरीर नेहमीच्या शंभरपटीहून जास्त जड झालं होतं. तो वाचला, आणि मोठी मोडतोड न होता वाचला.

दोन दिवसांनी तीच शर्यत सुरू व्हायला जेमतेम दोन तास असताना रद्द झाली. कारण होतं साधारण पाच जी.

हे उलटं वाटतं. शंभर जी माणूस झेलतो आणि पाच जीसाठी अख्खी शर्यत गुंडाळावी लागते? या कोड्याचं उत्तर गाडीत सापडत नाही. ते कानात आहे, खरं तर कानाच्या आत.

आधी थोडी पार्श्वभूमी. उत्तर अमेरिकेत उघड्या चाकांच्या, म्हणजे चाकांवर मडगार्ड किंवा बॉडी नसलेल्या, एका माणसाच्या गाड्यांच्या शर्यतींची मोठी परंपरा आहे. १९९६पासून या खेळाची दोन शकलं झाली होती. एक ‘कार्ट’ आणि दुसरी ‘इंडी रेसिंग लीग’. कार्टच्या गाड्या जास्त दमदार होत्या. २.६५ लिटरचं टर्बो इंजिन, मेथॅनॉलचं इंधन, नऊशेच्या घरात घोडाशक्ती, आणि वजन मात्र सातशे किलोच्या आसपास. २००१च्या हंगामात कार्टने टेक्सासचा हा ट्रॅक पहिल्यांदाच वेळापत्रकात घेतला. लीगच्या गाड्या तिथे १९९७पासून धावत होत्या, पण त्यांच्या इंजिनाला टर्बो नव्हता आणि वेगही कमी होता.

ट्रॅक अंडाकृती, दीड मैलाचा, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटरचा. वळणावर रस्ता आतल्या बाजूला २४ अंशांनी कललेला. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटरसायकलवाला उभ्या भिंतीवर फिरतो, ते ज्या तत्त्वावर, त्याच तत्त्वावर हा कलही काम करतो. वळताना गाडीला आत ढकलणारं बल लागतं. रस्ता कललेला असला की त्यातलं काही बल रस्ताच पुरवतो आणि टायरवरचा भार हलका होतो.

पण किती हलका? हा हिशेब कागदावर करता येतो. वळणाची त्रिज्या सव्वादोनशे मीटर धरू. २४ अंशांच्या कलावर टायरच्या पकडीची अजिबात मदत न घेता गाडी वळवायची, तर वेग निघतो ताशी सुमारे ११३ किलोमीटर. शनिवारी, शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या फेऱ्यांत, स्वीडनच्या केनी ब्रॅकने पहिलं स्थान मिळवलं ते ताशी ३७५.७ किलोमीटरच्या सरासरीने. सरावात कॅनडाच्या पॉल ट्रेसीने तर ३८१ गाठले होते. म्हणजे कलाला पेलेल त्याच्या तिपटीहून जास्त वेग. वळणाला लागणारं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे सव्वातीनपट वेगाला जवळजवळ अकरापट बल लागतं. उरलेलं सगळं टायरांनी आणि हवेच्या दाबाने पुरवायचं. गाडीचे पंख आणि तळाचा आकार हवेच्या जोरावर गाडीला रस्त्यावर दाबून धरतात म्हणूनच हे जमतं.

हिशेब पुढे नेला की वळणावरचा आडवा जोर ४.९ जी येतो. तोच कललेल्या गाडीत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने मोजला, तर उजवीकडे ढकलणारा जोर सुमारे ४ जी आणि सीटमध्ये खाली दाबणारा जवळजवळ ३ जी. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरले, तरी मानेला बाजूला ओढणारा भार २६ किलोचा झाला. हा सगळा ढोबळ हिशेब आहे. गाडी नेमकी कुठल्या रेषेने जाते त्यावर आकडे थोडे वरखाली होतात. गाड्यांतल्या उपकरणांनी पाच जीच्या पलीकडचे आकडे दाखवले होते.

सेकंदाला १०४ मीटर या वेगाने अर्धवर्तुळाचं एक वळण पार करायला सुमारे सात सेकंद लागतात. एका फेरीत अशी दोन वळणं. फेरी पूर्ण व्हायची तेवीसेक सेकंदांत. म्हणजे तेवीसपैकी चौदा किंवा जास्त सेकंद ड्रायव्हर या भाराखाली, मधल्या सरळ पट्ट्यांवर चार-पाच सेकंद सुटका, की पुन्हा भार. शर्यत ६०० किलोमीटरची, सुमारे अडीचशे फेऱ्यांची. पाचशे वळणं.

आता गुजेल्मिनकडे परत जाऊ. ११३ जी हा शिखराचा आकडा, आणि अशी शिखरं सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरतीच टिकतात. एवढ्या वेळात शरीरातलं रक्त जागचं हलायलाही सवड मिळत नाही. धोका असतो तो हाडांना, अवयवांना, आणि मुख्य म्हणजे मानेला; आणि त्याचा बंदोबस्त अभियंते करू शकतात. चुरगळून धक्का शोषणारं नाक, ड्रायव्हरभोवतीची कार्बन फायबरची कोठडी, अंगाच्या मापाची सीट, खांद्यावरून बांधलेले पट्टे. २००१पासून कार्टने ओव्हल ट्रॅकवर ‘हॅन्स’ नावाचं उपकरणही सक्तीचं केलं होतं. खांद्यावर बसणारी ही पट्टी हेल्मेटला दोरांनी जखडून ठेवते, त्यामुळे शरीर थांबलं तरी डोकं पुढे झेपावत नाही. मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचा शर्यतपटू मेहुणा जिम डाउनिंग यांची ही कल्पना. त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाला झालेल्या इजेने गेला होता. तो वेगळ्या मालिकेतला खेळाडू आणि त्याने हॅन्स घातलेलं नव्हतं.

धक्का सोसण्याची माणसाची ताकद किती, याचा अंदाज त्याआधी जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वी आला होता. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटने ढकललेल्या गाड्यावर स्वतः बसले, ताशी हजार किलोमीटरच्या पुढे गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. ४६.२ जी. डोळ्यांत रक्त उतरलं, पण माणूस धडधाकट राहिला.

दीर्घकाळ टिकणारा भार ही मात्र निराळीच जात. लढाऊ विमानाचे पायलट नऊ जीपर्यंत जातात, पण त्यांचे पाय आणि पोट आवळणारा खास सूट असतो, पोटाचे स्नायू ताठ करून श्वास रोखण्याचं प्रशिक्षण असतं, आणि तो भार दर तेवीस सेकंदांनी दोनदा, दोन तास, असा येत नाही. सरळ बसलेल्या माणसात हृदयापासून डोळ्यांपर्यंत साधारण तीस सेंटीमीटरची चढण असते. शरीर तीनपट जड झालं की रक्तही तीनपट जड होतं आणि हृदयाला ते तिप्पट नेटाने वर ढकलावं लागतं. शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हर मागे रेललेला असतो, त्यामुळे चढण कमी होते. तो लगेच बेशुद्ध पडणार नाही, पण हाताशी असलेली शिल्लक फार थोडी राहते.

आणि मग कान. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी दोन यंत्रं आहेत. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं फिरल्याची खबर देतात. दुसऱ्या यंत्रात एका जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. डोकं कललं की हे स्फटिक वजनाने सरकतात, खालचे केस वाकतात आणि मेंदूला ‘खाली’ कुठे आहे ते कळतं. या यंत्रात एक मूळचीच उणीव आहे: गुरुत्वाकर्षणाने सरकलेले स्फटिक आणि वेग बदलल्याने सरकलेले स्फटिक यांत त्याला फरक करता येत नाही. रोजच्या जगण्यात याने काही बिघडत नाही. टेक्सासच्या वळणावर बिघडतं.

वरचेच आकडे घ्या. उजवीकडे चार, खाली तीन. दोन्ही बलं एकत्र केली की कानाच्या दृष्टीने ‘खाली’ ही दिशा सीटकडे राहत नाही, ती पन्नासएक अंशांनी उजवीकडे झुकते. डोळे सांगतात, रस्ता समोर आहे आणि मी गाडीत नीट बसलोय. कान सांगतो, मी कुशीवर कलंडलोय आणि पाचपट जडही झालोय. सात सेकंदांनी सरळ पट्टा येतो आणि कान म्हणतो, सगळं ठीक. चार-पाच सेकंदांनी पुन्हा तेच. त्यात अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव डावीकडेच फिरत राहिलेला, सुरू-बंद, सुरू-बंद. दहावीस फेऱ्यांत मेंदू कोणाचं खरं मानेल?

ड्रायव्हरांनी सांगितलं ते याच्याशी जुळतं. चक्कर, दिशांचा गोंधळ, अंधुक नजर. गाडीतून उतरल्यावर काही मिनिटं काहींना सरळ रेषेत चालता येईना. कार्टचे वैद्यकीय संचालक डॉ. स्टीव्ह ऑल्व्ही यांनी शनिवारच्या बैठकीत सगळ्यांना सरळ विचारलं. दहापेक्षा जास्त फेऱ्या मारलेल्या २५ जणांपैकी २१ जणांनी त्रास झाल्याचं कबूल केलं. शर्यतपटू ही जात हाड मोडलं तरी पुढच्या रविवारी गाडीत बसणारी. त्यांनी एकमेकांसमोर असं सांगणं, हे कुठल्याही उपकरणातल्या आकड्याइतकंच बोलकं होतं. ऑल्व्हींनी नासाचे माजी वैमानिकी डॉक्टर रिचर्ड जेनिंग्ज यांचा सल्ला घेतला आणि कार्टने शर्यत थांबवली. ताशी ३७५ किलोमीटरला अर्धा सेकंद उशिरा सुचणं म्हणजे पन्नास मीटर आंधळं जाणं. पुढेमागे अशाच चोवीस गाड्या.

वेगाचा आकडा इथे फसवा ठरतो. सहाच महिने आधी, २०००च्या ऑक्टोबरात, कार्टच्याच जिल द फेरानने कॅलिफोर्नियातल्या फाँटानाच्या ट्रॅकवर ताशी ३८८.५ किलोमीटरची फेरी मारली होती. टेक्सासपेक्षा वेगवान, तरी चक्कर येण्याची अशी तक्रार तिथे झाली नव्हती. फाँटानाचा ट्रॅक दोन मैलांचा, वळणं मोठी आणि कल फक्त १४ अंशांचा. वेग जास्त, पण वळणाची त्रिज्याही जास्त, म्हणून भार कमी. लीगच्या गाड्या टेक्सासमध्ये ताशी ३४५च्या आसपास धावत. आठ-नऊ टक्क्यांचाच फरक, पण वर्ग केला की बलात सतरा-अठरा टक्क्यांची भर पडते. नेमका त्याच फटीत माणूस अडकला.

शर्यत रद्द करण्याचा निर्णय बरोबर होता, यावर आज फारसा वाद होऊ नये. चूक आधीची. वेग, त्रिज्या, कल हे तीन आकडे कार्टजवळ कित्येक महिने होते, आणि पदार्थविज्ञानाचा अकरावीचा विद्यार्थीही त्यातून पाच जी काढू शकतो. सगळ्या गाड्यांची एकत्र चाचणी तिथे आधी घेतली असती तर बाकीचं ड्रायव्हरांनीच सांगितलं असतं. शनिवारी रात्री हाताशी उपाय उरले नव्हते. टर्बोचा दाब उतरवायचा तर इंजिनाची सगळी मांडणी बदलायची, पंख बदलायचे तर गाडी वळणावर कशी वागेल ते कोणालाच माहीत नाही. तिकीट काढून आलेल्या लोकांना परत पाठवावं लागलं. ट्रॅकच्या मालकांनी कार्टवर खटला भरला आणि तो पुढे पैसे देऊन मिटवावा लागला.

हंगाम तसाच पुढे चालला. पुढच्याच रविवारी नॅझरेथला वीस वर्षांचा स्कॉट डिक्सन जिंकला. मग १५ सप्टेंबरला जर्मनीतल्या लाउसिट्झरिंगवर इटलीच्या अलेक्स झनार्डीची गाडी पिटमधून, म्हणजे इंधन-टायरांसाठी थांबायच्या जागेतून, बाहेर पडताना गरकन फिरली आणि अलेक्स तागलियानीच्या गाडीने ती मधोमध कापली. झनार्डीचे दोन्ही पाय गेले, अंगातलं बहुतेक रक्त वाहून गेलं. तिथे धक्क्याच्या जीचा प्रश्न नव्हता, कोठडीच फुटली होती. त्याला जिवंत ठेवलं ते डॉ. ऑल्व्ही आणि डॉ. टेरी ट्रॅमेल यांच्या पथकाने. झनार्डीने पुढे २०१२ आणि २०१६च्या पॅरालिंपिकमध्ये हाताने चालवायच्या सायकलवर सुवर्णपदकं मिळवली.

विजेतेपद द फेरानने राखलं, सलग दुसऱ्यांदा. ब्रॅक दुसरा आला. गुजेल्मिनने वर्षाअखेरीस शर्यती सोडल्या. द फेरानचा पेन्स्की संघ पुढच्या हंगामात लीगकडे गेला आणि २००३च्या शेवटी कार्टने दिवाळखोरी जाहीर केली. लीगच्या गाड्या मात्र टेक्सासला २०२३पर्यंत धावत राहिल्या, ट्रॅक तोच, वेग मात्र कार्टच्या त्या शनिवारपेक्षा कमी. २०१७मध्ये पहिल्या दोन वळणांचा कलही २४वरून २० अंशांवर आणला गेला.