नवे सुटे भाग, तरी क्लच सुटेना

जुन्या गाडीचा क्लच नव्याने बसवला आहे. प्रेशर प्लेट नवी, क्लच प्लेट नवी, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरही नवे. इंजिन सुरू करून पेडल तळापर्यंत दाबलं, रिव्हर्स टाकायला गेलं, तर गिअरबॉक्समधून खर्रकन आवाज. गॅरेजमध्ये यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘लाइनमध्ये हवा राहिली असेल’. मग पुन्हा ब्लीडिंग, म्हणजे ऑइलच्या नळीतली हवा काढणं, पुन्हा अर्धी बाटली ब्रेक ऑइल, आणि पुन्हा तोच खरखराट. बऱ्याचदा लाइनमध्ये हवा नसतेच. प्रत्येक भाग स्वतःपुरता ठणठणीत असतो, फक्त तो शेजारच्या भागासाठी बनलेला नसतो.

हायड्रॉलिक क्लचचं काम पास्कलच्या नियमावर चालतं. बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. पेडल मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलतं, तिथून निघालेलं ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं, स्लेव्हचा दट्ट्या एका दांडीने क्लच फोर्क ढकलतो, आणि फोर्कवरचं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या आत दाबतं. तेव्हा कुठे क्लच प्लेट मोकळी होते आणि गिअरबॉक्स इंजिनपासून सुटतो. घरी दोन वेगळ्या जाडीच्या सिरिंज पाण्याने भरून नळीने जोडल्या तर हेच दिसेल. बारीक सिरिंज भरपूर दाबली तरी जाड सिरिंजचा दट्ट्या थोडासाच सरकतो, पण जोर मोठा लावतो.

जुन्या गाड्यांमधली निम्मी गुंतागुंत याच हिशेबात आहे. दट्ट्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून व्यासातला डोळ्यांना न जाणवणारा फरकही महागात पडतो. समजा मास्टरचा व्यास ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिमी आहे आणि त्याचा दट्ट्या २५ मिमी सरकतो. स्लेव्ह ११/१६ इंची, म्हणजे १७.५ मिमीचा असेल तर त्याची दांडी साधारण २०.७ मिमी पुढे येईल. त्याच जागी ३/४ इंची, म्हणजे १९ मिमीचा स्लेव्ह लावला तर ती १७.४ मिमीच येईल. पेडल मात्र हलकं लागेल. चालवणाऱ्याला वाटतं, क्लच किती मऊ झाला! प्रत्यक्षात दांडीची ३ मिमीहून जास्त हालचाल गेलेली असते. रिलीज बेअरिंगला सगळी मिळून ७-८ मिमीचीच हालचाल लागते, तिथे हा तोटा फोर्कच्या तरफेच्या प्रमाणात विभागला गेला तरी क्लच अर्धवट सुटायला पुरेसा असतो. दोन्ही मापांच्या स्लेव्हचे बोल्ट त्याच भोकांत बसतात आणि बाहेरून ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात. व्यास बहुधा सिलिंडरच्या अंगावर कोरलेला असतो. तो वाचायची सवय नसणं हेच या दुखण्याचं मोठं कारण आहे, असं माझं मत आहे.

पण सगळा दोष सिलिंडरवर ढकलण्याआधी एक माप घ्यावं. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने स्लेव्हच्या दांडीशी पट्टी धरून ती किती सरकते ते पाहावं. या एका मापाने प्रश्न दुभंगतो. दांडी हवी तेवढी सरकत नसेल तर दोष पेडलपासून स्लेव्हपर्यंतच्या भागात आहे. तिथे हवा, व्यास, फुगणारी जुनी रबरी नळी किंवा पेडलची झिजलेली पिन शोधावी. दांडी पुरेशी सरकूनही क्लच सुटत नसेल तर ब्लीडिंगमध्ये वेळ घालवू नये, कारण दोष आत, गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या क्लचच्या कवचात आहे.

आत काय बिनसू शकतं, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण डॅटसनच्या झेड मालिकेतलं आहे. १९६९च्या अखेरीस जपानमध्ये फेअरलेडी झेड म्हणून आलेली आणि निर्यातीत २४०झेड म्हणून गाजलेली ही दोन आसनी गाडी. पुढे २६०झेड, २८०झेड आणि २८०झेडएक्स आल्या. इंजिनं एकाच कुळातली, त्यामुळे नंतरचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आधीच्या चार गिअरवाल्या गाडीत बसतो, आणि हौशी मालक तो बसवतातही. अडचण अशी की दोन आसनी गाड्यांना २२५ मिमीचा क्लच होता, तर चार आसनी २+२ गाड्यांना २४० मिमीचा. मोठ्या क्लचची प्रेशर प्लेट उंच, म्हणून रिलीज बेअरिंग ज्यावर बसतं ती कॉलर आखूड. लहान क्लचची प्लेट बुटकी, म्हणून कॉलर लांब. गिअरबॉक्स एका गाडीचा आणि क्लच दुसरीचा असला की ही जोडी फुटते. बुटक्या प्लेटसमोर आखूड कॉलर आली तर फोर्कची अर्धी हालचाल पोकळी ओलांडण्यातच संपते आणि क्लच सुटत नाही. उंच प्लेटसमोर लांब कॉलर आली तर बेअरिंग पाकळ्यांवर कायम दाब देत राहतं, क्लच घसरतो आणि प्लेट जळते.

या गाड्यांच्या मालकांमध्ये त्यासाठी ९२ मिमीचं माप रूढ आहे. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या जड चकतीवर, बोल्ट करायची, कॉलर बेअरिंगसह पाकळ्यांवर ठेवायची आणि फ्लायव्हीलच्या पृष्ठभागापासून कॉलरला फोर्क जिथे टेकतो तिथपर्यंतची उंची मोजायची. ती ९२च्या आसपास आली तर जोडी जमली. गिअरबॉक्स चढवण्याआधी हे माप घ्यायला काही मिनिटं लागतात. नंतर चूक लक्षात आली तर गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागतो, आणि ज्यांनी पाठीवर झोपून तो उतरवला आहे त्यांना याची किंमत सांगायला नको.

याच गाड्यांत आणखी एक फसवं प्रकरण आहे, ते म्हणजे फोर्कला मागे ओढणारी छोटी स्प्रिंग. सुरुवातीच्या स्लेव्हची दांडी हाताने कमीजास्त करता येत असे आणि ही स्प्रिंग फोर्कला मागे आणून थोडं अंतर राखत असे. नंतरच्या स्लेव्हची दांडी ठरावीक लांबीची असते. त्याच्या आतली स्प्रिंग बेअरिंगला पाकळ्यांशी हलकं टेकवून ठेवते, आणि प्लेट झिजेल तसा दट्ट्या आपोआप जागा बदलतो. नवा स्लेव्ह लावून जुनी स्प्रिंग तशीच अडकवली तर ती दट्ट्याला दर वेळी तळाशी ओढून नेते. पुढच्या वेळी पेडल दाबलं की आधी ती पोकळी भरायची, मग क्लच! पेडल दोनदा भरभर दाबल्यावर गिअर नीट पडतो, म्हणून सगळे पुन्हा हवेलाच दोष देतात. स्प्रिंग काढून पाहावी.

पेडलकडच्या टोकालाही असाच बारकावा आहे. मास्टरचा दट्ट्या पूर्ण मागे आला की ऑइलच्या टाकीकडे जाणारं बारीक छिद्र उघडं पडायला हवं. पेडलची दांडी जास्त लांब केली आणि दट्ट्याला जेमतेम मिलिमीटरभरही मोकळीक उरली नाही, तर ते छिद्र बंदच राहतं. गाडी तापली की ऑइल फुगतं, त्याला टाकीत परतायला वाट नसते, आणि कोणी पेडलला पाय न लावताही क्लच हळूहळू दाबला जातो. थंड गाडीत सगळं ठीक आणि घाटात क्लच घसरतो, अशी तक्रार असेल तर आधी इथे बघावं.

जोडणीच्या नटांबाबत एवढंच, की १० मिमी व्यासाचे १ मिमी पिचचे आटे आणि ३/८ इंच व्यासाचे, इंचाला २४ असलेले आटे दिसायला जवळपास सारखे असतात. इंची नट मिमीच्या भोकात सैलसर फिरतो, आणि जोर लावल्यावर आटे सोलून निघतात. हाताने नट डगमगत असेल तर पाना लावूच नये.

आणि ऑइल. डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल चालणाऱ्या सिस्टिममध्ये कोणी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं असेल, तर रबरी वॉशर फुगून सिलिंडरमध्ये रुततात. दट्ट्या मागे येत नाही, पेडल खालीच राहतं. अशा वेळी ऑइल बदलून भागत नाही. मास्टर आणि स्लेव्हचे सगळे वॉशर, रबरी नळी आणि टाकीच्या झाकणाचा गॅस्केट टाकून द्यावे, धातूची नळी स्पिरिटने धुऊन पूर्ण वाळवावी आणि मगच नवं ब्रेक ऑइल भरावं.