आडवी होणारी डोलकाठी आणि गुंडाळले जाणारे शीड : एका न जमलेल्या जोडीची पार्श्वभूमी

ट्रेलरवरून आणलेली शिडाची छोटी होडी खडकवासल्याच्या काठावर उभी केली की पाण्यात उतरवण्याच्या कामाला फार वेळ लागत नाही. खोळंबा होतो तो डोलकाठी उभी करताना, आणि पुढच्या शिडाला रोलर फर्लर (शीड तारेभोवती गुंडाळणारे साधन) असेल तर विचारायलाच नको. डोलकाठी आडवी करता यावी ही गरज एका तऱ्हेच्या नाविकांची होती. शीड तारेभोवती गुंडाळता यावे ही दुसऱ्याच तऱ्हेच्या नाविकांची. या दोन सोयी एकाच होडीवर आल्या त्या बऱ्याच उशिरा, आणि एकमेकींचा विचार न करता.

डोलकाठी आडवी करण्याची युक्ती पुलांमुळे आली. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या नद्यांवर माल वाहणाऱ्या ‘व्हेरी’ नावाच्या होड्यांची डोलकाठी बिजागरीवर बसवलेली असे आणि तिच्या बुडाला जड वजन असे. वरचा भार आणि खालचे वजन जवळजवळ तुल्यबळ असल्याने दोन माणसे पुलाआधी काठी झुकवत आणि पुलापलीकडे उभी करत. हॉलंडच्या कालव्यांतही हीच रीत. आपल्या कोकणातल्या पारंपरिक गलबतांना वाटेत पूल नव्हते. तिथे शीड तिरक्या काठीसकट खाली येई आणि डोलकाठी जागची हलत नसे.

पुण्यात नदीवर रुजली ती वल्ही. मुळा-मुठेच्या संगमावर सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा (नौकोत्सव) 1928 पासूनची, पण ती वल्हेकऱ्यांची. शिडाला लागते मोकळे, खोल पाणी, आणि ते धरणांनी दिले. खडकवासला धरण 1879 मध्ये पूर्ण झाले. पुढे एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) त्याच्या काठी आल्यावर तिथल्या पीकॉक बेमध्ये छात्रांचे शिडाचे शिक्षण सुरू झाले. अशा प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या होड्या हलक्या असतात. लेझर होडीची दोन तुकड्यांची डोलकाठी नुसती खोबणीत बसते, तिला ताणाच्या तारा नसतातच. जॅक होल्टने 1956 मध्ये आखलेल्या एंटरप्राइझ होडीची काठी दोघे जण हातांनी उचलून ठेवतात. बिजागरीचा किंवा कप्पीचा प्रश्नच येत नाही.

तो येतो वीस-बावीस फुटी, झोपायला केबिन असलेल्या होडीत. हा प्रकार फोफावला अमेरिकेत, 1960 च्या दशकाच्या अखेरीस. ज्यांना बंदरात कायमची जागा परवडत नव्हती त्यांच्यासाठी गाडीमागे ओढून नेता येणारी होडी. फ्रँक बटलरची कॅटलिना 22 ही यातल्या सर्वांत खपलेल्यांपैकी एक. पंधरा हजारांहून अधिक बनल्या. तिची डोलकाठी सुमारे साडेसात मीटर. ती उभी करण्याची मूळ पद्धत सरळ होती : काठीचे बूड पिनेवर अडकवायचे, एकाने कॉकपिटमधून (मागच्या बसायच्या खोलगट जागेतून) काठी खांद्यावर घेत पुढे चालायचे, दुसऱ्याने नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, फोरस्टे ओढून पिन घालायची. फोरस्टे म्हणजे काठीच्या वरून नाळेपर्यंत येणारी आधाराची तार; तेव्हा ती साधी, बारीक, हवी तशी वळणारी आणि वजनाला नगण्य.

रोलर फर्लिंगची वाट वेगळी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये वायकहॅम-मार्टिन फर्लर आला : खाली ड्रम, वर फिरकी, मध्ये शिडाच्या कडेत शिवलेली तार. हेतू एवढाच की खवळलेल्या समुद्रात माणसाला नाळेवर जाऊन शीड उतरवावे लागू नये. तो फोरस्टेपासून अलग होता, त्यामुळे डोलकाठीच्या आड येत नव्हता. मात्र त्यात शीड पूर्ण उघडे किंवा पूर्ण गुंडाळलेले, अर्धे ठेवण्याची सोय नव्हती, कारण तारेला पीळ बसून वरचे टोक मागे राहायचे. त्यावर उपाय म्हणून 1970-80 च्या दशकांत फोरस्टेवरच ॲल्युमिनियमची लांब पोकळ पट्टी, म्हणजे फॉइल, चढवली गेली. शीड फॉइलच्या खाचेत सरकते आणि फॉइल पिळत नाही. समुद्रावर हा मोठा फायदा. ट्रेलरच्या होडीवर मात्र फोरस्टे आता वाकवता न येणारी, ड्रमचे वजन टोकाला असलेली साडेसहा-सात मीटरची दांडी झाली. छोट्या होड्यांसाठी ॲल्युमिनियमऐवजी लवचीक प्लास्टिकची फॉइल निघाली, तिच्यामुळे त्रास कमी झाला, संपला नाही.

त्रासाचे मूळ ओढण्याच्या कोनात आहे. तारांसह काठी 25 किलोची, गुरुत्वमध्य बुडापासून साडेतीन मीटरवर, नाळ बुडाच्या अडीच मीटर पुढे, फोरस्टे साडेसहा मीटर उंचीवर जोडलेला, आणि काठी आधारावर 10 अंश उचललेली, असे धरू. आता फोरस्टेच ओढला तर ओढीची रेषा बिजागरीपासून जेमतेम 30 सेंटिमीटरवरून जाते आणि सुरुवातीला 280 किलोच्या आसपास ओढ लागते. बुडाशी, काठीला काटकोनात, 1.8 मीटरचा जिन पोल, म्हणजे ओढीची दोरी उंचावणारा दांडा, लावला तर हेच अंतर दीड मीटरवर जाते आणि ओढ 55 किलोपर्यंत उतरते. चौपट कप्पी लावली की घर्षण धरून हातात 18-20 किलो. फर्लरचे पाच-सात किलो वर लटकत असल्याने यात भर पडतेच, आणि फॉइल असताना फोरस्टेला ओढण्यासाठी हात लावायचाच नसतो. म्हणून फर्लर असेल तर जिन पोल ही चैन नाही.

पोलासाठी दीड-दोन इंची ॲल्युमिनियमचा जाड पाइप पुरतो. कप्प्या, शॅकल (जोडकड्या) पुण्यातल्या बोहरी आळीत शोधता येतील, पण वजनक्षमता कोरलेलीच घ्यावीत. पोलाच्या टोकापासून वर जाणारी दोरी फोरस्टेच्या जोडापाशीच निघायला हवी. जिब हॅलयार्ड, म्हणजे पुढचे शीड वर चढवणारा दोर, मोकळा असेल तर तो वापरता येतो. फिरकीच्या फर्लरमध्ये तो शिडात गुंतलेला असतो, तेव्हा वेगळी दोरी आधीच बांधून ठेवावी.

दुसरी गोष्ट बाजूला झुकण्याची. बाजूच्या तारा, म्हणजे श्राउड, काठी पूर्ण उभी झाल्यावरच ताणल्या जातात. मधल्या वाटेत त्या ढिल्या असतात. हलकासा वाराही काठी आडवी ढकलतो असे गमतीने म्हणतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. म्हणून बिजागरीच्या पिनेच्या अगदी रेषेत, दोन्ही बाजूंना, बेबी स्टे (काठी चढवताना बाजूने धरणाऱ्या जादा तारा) हवेत. त्यांचा खालचा जोड पिनेच्या मागे वा खाली गेला तर काठी चढताना ते एकतर ढिले पडतात किंवा मध्येच ताठ होऊन काठी अडवतात.

बिघाड बहुतेक वेळा श्राउडच्या खालच्या टर्नबकलमध्ये, म्हणजे तार ताणायच्या स्क्रूच्या जोडात, होतो. ढिला टर्नबकल आडवा पडून अडकतो, वर ओढ चालूच राहते आणि स्क्रू वाकतो. काठी 45 अंशांवर आली की थांबून दोन्ही बाजूंचे टर्नबकल सरळ आहेत का पाहावे. ओढ अचानक जड झाली तर जोर लावायचा नसतो. काहीतरी अडकलेले असते. फर्लरचे म्हणाल तर शीड घट्ट गुंडाळून बांधावे, ड्रमची दोरी आवळावी, आणि ड्रमजवळचा माणूस फॉइल उचलून धरत काठीबरोबर पुढे सरकावा. फॉइल डेकच्या कडेवर टेकून वाकली की सांध्यापाशी कायमची घडी पडते, आणि पुढे शीड वर चढवताना तिथेच अटकते. वारा असेल तर शीड काढूनच ठेवलेले बरे.

खडकवासला, पानशेत, मुळशी यांच्या पाण्याची पातळी पावसाळ्याआधी खूप खाली जाते, त्यामुळे होडी उतरवायची जागा दर काही आठवड्यांनी बदलते. नव्या जागी आधी डोक्यावर पाहावे. काठावरच्या वस्तीला वीज नेणाऱ्या तारा नेमक्या अशाच ठिकाणी असतात, ॲल्युमिनियमची काठी आणि ट्रेलरची उंची मिळून दहा मीटरच्या आसपास जाते, आणि 11 केव्हीची तार स्पर्शाची वाट पाहत नाही. काठी उभी करून होडी ट्रेलरवर हलवणे टाळावे.

काठी उभी झाली की जिन पोलची दोरी क्लीटवर (दोरी अडकवायच्या खुंटीवर) पक्की करून मगच ड्रमखालची क्लेव्हिस पिन घालावी, तिला रिंग लावावी, आणि त्यानंतरच दोरी सोडावी. फोरस्टेच्या दोन्ही टोकांना टॉगल, म्हणजे सगळीकडे वळणारा जोड, हवा. नसेल तर शिडाच्या झोकाने तार फिटिंगपाशी हळूहळू तुटते. शेवटी शीड उघडून पुन्हा गुंडाळून पाहावे : पूर्ण गुंडाळल्यावरही ड्रमवर दोरीचे तीन-चार वेढे शिल्लक हवेत, कारण जोराच्या वाऱ्यात शीड अधिक घट्ट गुंडाळले जाते आणि तेव्हा दोरी जास्त लागते. वर हॅलयार्ड फॉइलला समांतर जात असेल तर तो फॉइलभोवती गुरफटेल. दोघांत आठ-दहा अंशांचा कोन हवा. नसेल तर काठी पुन्हा खाली घेऊन हॅलयार्डला आवर घालणारी कडी बसवावी लागते.