कामगारांचे बूट, आयएसआय शिक्का आणि ऑनलाइन बाजार : विक्रेता नेमका कोण?

मार्च 2025 मध्ये दिल्लीत एका बड्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामाची, आयएसआय शिक्का देणाऱ्या मानक संस्थेच्या अधिकाऱ्यांनी झडती घेतली. ती पंधरा तासांहून जास्त चालली आणि 3,500 हून अधिक वस्तू जप्त झाल्या. सरकारने त्यांची किंमत सुमारे 70 लाख रुपये सांगितली. त्याच शहरात दुसऱ्या एका कंपनीशी संबंधित गोदामातून बुटांचे 590 जोड उचलले गेले. ते बूट खेळाचे होते, कामगारांचे नव्हते. तरीही सेफ्टी शूज आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट विकणाऱ्यांनी या बातमीची दखल घेतली, कारण प्रश्न त्यांच्याही मालाला लागू होता : शिक्का नसलेला माल गोदामात सापडला तर धरायचे कोणाला?

हा प्रश्न जुन्या काळी उद्भवलाच नव्हता. प्रमाणन चिन्हांचा कायदा 1952 चा आणि त्यावर उभी राहिलेली योजना 1955 ची, पण तिचा बहुतेक भाग ऐच्छिक. ज्याला शिक्का हवा त्याने परवाना घ्यावा, नको असेल त्याने तसाच माल विकावा. 1948 च्या कारखाना कायद्याने सारा भार मालकावर टाकला. ठिणग्या उडत असतील तिथे डोळ्यांना संरक्षण द्या, असे तो सांगत असे. दुकानदाराने कोणता चष्मा विकावा, याबद्दल तो गप्प होता. खाणींची मंजुरीची व्यवस्था वेगळी होती. सरकारी कंपन्या आणि मोठे कारखाने निविदेतच ‘आयएसआय असावे’ अशी अट घालत. भोसरी, सातपूर किंवा कुपवाडच्या छोट्या शेडमध्ये मात्र हार्डवेअरच्या दुकानात जे मिळेल ते बूट येत.

त्या बुटांचे मानक म्हणजे आयएस 15298. आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेले असल्यामुळे त्याची रचनाही तशीच आहे. भाग 2 मधल्या बुटाच्या टोपणाने, म्हणजे बोटांवरच्या कडक कवचाने, 200 जूलचा आघात सोसला पाहिजे, म्हणजे 20 किलोचे वजन साधारण मीटरभर उंचीवरून पडले तरी आत बोटांपुरती जागा उरली पाहिजे. भाग 3 मध्ये हा आघात 100 जूलवर येतो. भाग 4 च्या बुटाला टोपणाची अटच नाही. ऑनलाइन यादीत या तिघांचेही नाव ‘सेफ्टी शूज’. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो मोबाइल अ‍ॅपवर टाकला की कोणत्या कारखान्याचा परवाना आहे ते दिसते. पण विक्रेत्याने टाकलेल्या फोटोत बुटाची बाजू झळकते, नाडी झळकते, एखाद्या फोटोत तर हातोडाही असतो. नेमका जिभेवरचा किंवा आतला शिक्का दिसेल असा फोटो शोधावा लागतो. मथळ्यात ‘सीई सर्टिफाइड’ असे लिहिलेले असते, त्याला भारतात आयएसआयच्या जागी काडीचीही किंमत नाही. युरोपात ती खूण कामाची आहे आणि तिथेही अशा बुटाला त्रयस्थ संस्थेची तपासणी लागते, निव्वळ छापून भागत नाही.

सक्ती आली 2020 मध्ये. संरक्षक पादत्राणांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश त्या वर्षी निघाला. चामड्याच्या आणि रबरी पादत्राणांचेही आदेश आले आणि त्यांच्या मुदती वारंवार पुढे ढकलल्या गेल्या. कानपूर-आग्र्याच्या लहान कारखानदारांची तक्रार खोटी नव्हती : परवान्यासाठी स्वतःची चाचणी-सोय उभारायची, नमुने द्यायचे, शुल्क भरायचे, आणि हे सगळे टाळेबंदीच्या काळात. पण मुदत जितकी लांबली तितके दिवस शिक्क्याचा आणि बिनशिक्क्याचा माल एकाच यादीत, एकाच किमतीच्या चाळणीत शेजारी शेजारी राहिला. चाळणी किमतीची असली की कोण वर येते, हे सांगायला नको.

त्याच वर्षी कोविड साथीतल्या संरक्षक पोशाखांबाबत (पीपीई किट) वेगळा प्रयोग झाला. कृत्रिम रक्त कापडातून पार होते का, याची कोइम्बतूरसारख्या ठिकाणी चाचणी होई आणि पास झालेल्या नमुन्याला स्वतंत्र कोड मिळे. तो कोड पोशाखावर छापायचा होता. घाईगर्दीतली व्यवस्था होती, तिचा गैरवापरही झाला. तरी हातातला पोशाख कोणत्या नमुन्यावरून शिवला, हे निदान विचारता येत होते. बुटांच्या परवान्यात इतके बारीक उतरता येत नाही. परवाना कारखान्याचा असतो, विकणाऱ्याचा नसतो.

आता मूळ गुंत्याकडे. मानक संस्थेच्या 1986 च्या कायद्यात शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड अशी होती. 2016 च्या कायद्याने सक्तीच्या वस्तूंसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख, पुढच्या वेळी किमान पाच लाख आणि मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत दंड ठेवला. पण शिक्षेपेक्षा महत्त्वाची आहे ती कलम 17 मधली क्रियापदांची रांग. बिनशिक्क्याचा माल बनवणे, आयात करणे, वितरित करणे, विकणे, भाड्याने देणे, साठवणे आणि विक्रीसाठी मांडणे, हे सगळे निषिद्ध. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुकानाची काच होती की मोबाइलचा पडदा, देव जाणे. शब्द मात्र दोन्हीला लागू पडतात. प्लॅटफॉर्म माल विकत नाही हे मान्य केले, तरी तो मांडतो आणि स्वतःच्या गोदामात साठवतो.

प्लॅटफॉर्मची बाजूही कायद्यातूनच आलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 79 मध्यस्थाला इतरांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून संरक्षण देते. परकीय गुंतवणुकीचे धोरण तर त्याला स्वतःचा माल ठेवूच देत नाही. 2018 च्या शेवटी ते आणखी कडक झाले. म्हणजे एका खात्याने सांगायचे की तू विक्रेता होऊ नकोस आणि दुसऱ्याने विचारायचे की विक्रेत्यासारखा जबाबदार का नाहीस. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी मधला रस्ता काढला. वर्णन आणि फोटो खरे आहेत अशी हमी विक्रेत्याकडून घ्यावी, त्याचा तपशील ग्राहकाला द्यावा, मूळ देश लिहावा. जून 2021 च्या मसुद्यात, विक्रेत्याच्या हलगर्जीने ग्राहकाचे नुकसान झाले तर प्लॅटफॉर्मने ते अंगावर घ्यावे, अशी तरतूद सुचवली होती. उद्योगाने ओरड केली, सरकारच्याच काही खात्यांनी शंका काढल्या, आणि मसुदा अंतिम झाला नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी संधी तिथे गेली.

मग ऑगस्ट 2022 चा निर्णय आला, तोही प्रेशर कुकरवर. कुकरला शिक्का सक्तीचा झाल्यानंतर एका प्लॅटफॉर्मवरून 2,265 बिनशिक्क्याचे कुकर विकले गेले होते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने प्रत्येक ग्राहकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या आणि एक लाख दंड भरा, असा आदेश दिला. दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर 598 कुकरसाठी तसाच आदेश निघाला. आम्ही फक्त मध्यस्थ, हे म्हणणे प्राधिकरणाने मानले नाही. त्याचे कारण वाचण्यासारखे आहे : या विक्रीतून कंपनीने 6,14,825 रुपये शुल्क कमावल्याचे तिनेच कबूल केले होते. ज्याने प्रत्येक नगावर पैसे घेतले त्याला हात झटकता येणार नाहीत, असा तो युक्तिवाद. कंपन्या दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या. सहा लाख मिळवून एक लाख दंड हे गणित कोणाला धाक घालणारे नाही, पण ‘मध्यस्थ’ या ढालीला पहिला मोठा तडा इथेच गेला. पुढच्या बहुतेक कारवायांत हाच धागा दिसतो.

कुकरचा निर्णय बुटांना मात्र जसाच्या तसा लावता येत नाही. कुकर घेणारे कुटुंब निर्विवाद ग्राहक आहे. चाळीस जोड बूट मागवणारा कारखानदार ग्राहक आहे का? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहकाच्या व्याख्येबाहेर आहे. प्लॅटफॉर्मचे वकील इथेच बोट ठेवणार. यावर मुंबईच्या एका खटल्याचा आधार मिळू शकतो. एका रुग्णालय चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेने परिचारिकांना राहण्यासाठी सदनिका घेतल्या होत्या. बांधकाम खराब निघाले, आणि बिल्डरने तीच व्यापारी हेतूची सबब पुढे केली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये ती फेटाळली : खरेदीचा मुख्य हेतू नफा कमावण्याशी थेट जोडलेला नसेल, तर घेणारा ग्राहकच. कामगाराच्या पायासाठी घेतलेला बूट या कसोटीवर उतरायला हरकत नाही. शिवाय घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक ठरतो, म्हणजे तक्रार खुद्द कामगारालाही करता यावी. अर्थात, ठेकेदाराने ऑनलाइन मागवलेल्या बुटाचे बिल कामगाराच्या हाती कधी पडणार, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही.

कपड्यांकडे नियामकांची नजर उशिरा वळली. एप्रिल 2023 मध्ये तांत्रिक वस्त्रांच्या (विशिष्ट कामासाठी बनवलेल्या कापडांच्या) 31 प्रकारांवर आदेश निघाले, त्यातले 12 संरक्षक वस्त्रांचे : अग्निशामकांचे पोशाख व हातमोजे, उष्णता आणि ज्वाळेपासून वाचवणारे कपडे, आणि आयएस 15809 खालचे दुरून दिसणारे कपडे. रस्त्याच्या कामावर जे पोपटी जाळीचे जाकीट घालतात, त्याचाच हा विषय. मानकात कापडाची चमक, पट्टीचे परावर्तन आणि दोन्हींचे किमान क्षेत्रफळ मोजले जाते. रुपेरी पट्टी शिवली की काम झाले, अशी समजूत बाजारात अजूनही आहे, आणि शोधपट्टीत ‘सेफ्टी जॅकेट’ टाकले की स्वस्तातली जाळी पहिल्या रांगेत येते.

2025 च्या झडत्यांचा क्रम पाहिला तर नेम हळूहळू गोदामावर स्थिरावलेला दिसतो. दिल्लीखेरीज लखनौ, गुरुग्राम आणि तमिळनाडूतही कारवाया झाल्या; खेळणी, ब्लेंडर, पाण्याच्या बाटल्या, फॉइल जे सापडले ते जप्त झाले. यादी कोणी लिहिली याचा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो, साठा कोणाच्या छपराखाली होता हे पंचनाम्यात एका ओळीत लिहिता येते.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दोन उलटसुलट गोष्टी घडल्या. कृत्रिम धागे आणि प्लास्टिकच्या कच्च्या मालावरचे अनेक गुणवत्ता आदेश सरकारने मागे घेतले, कारण कच्चा माल महागल्याची उद्योगाची तक्रार होती. आणि 21 नोव्हेंबरला व्यावसायिक सुरक्षेची संहिता इतर कामगार संहितांसोबत लागू झाली. सुरक्षेसाठी केलेल्या किंवा दिलेल्या कशाचेही पैसे कामगाराकडून घेता येणार नाहीत, असे ती मालकाला बजावते. ते साधन कुठून आणावे, याचा निवाडा तिने मालकावर सोडला आहे.