‘नीती ज्याची त्याची’ या समजाबद्दल

प्रत्येक संस्कृतीची नीती वेगळी, म्हणून सर्वांना समान असं मूल्यच नसतं, असं ठामपणे सांगितलं जातं. त्यासाठी प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवलेला प्रसंग हमखास पुढे येतो. पर्शियाचा सम्राट दरायस याने ग्रीकांना विचारलं, किती धन दिलं तर मृत वडिलांचं मांस खाल? कितीही दिलं तरी नाही, असं ते म्हणाले. मग मृत आईवडिलांना खाण्याची रीत असलेल्या लोकांना त्याने दहनाबद्दल विचारलं, तर ते किंचाळलेच. हिरोडोटसचा निष्कर्ष : रूढीच सर्वांवर राज्य करते.

पण प्रसंग नीट वाचा. मृत आईवडिलांची विटंबना दोघांनाही असह्य होती. फरक विधीत होता, मूल्यात नव्हता! ही गल्लत आजही सर्रास होते.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ६० समाजांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आप्तांना मदत, उपकाराची परतफेड, शौर्य, न्याय्य वाटप अशा सात गोष्टी जवळपास सगळीकडे चांगल्याच मानलेल्या आढळल्या. कशाला किती महत्त्व, हे मात्र बदलतं.

अर्थात, सर्वत्र मान्य म्हणजे योग्य, असंही नाही. गुलामगिरी कितीतरी संस्कृतींना मान्य होती. नीती केवळ रूढीच असती, तर गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेले लोक त्या त्या काळी चूक ठरले असते. हे मला कदापि पटत नाही. शिवाय ‘दुसऱ्यांच्या रीतींना कोणीच नावं ठेवू नयेत’ हा नियमही सर्वांसाठीच सांगितला जातो, म्हणजे तेही सर्वांना समान असं मूल्यच झालं.