सर्व्हरची सेटिंग रीबूटनंतर पुन्हा जुनी का होते?

लिनक्स सर्व्हरच्या देखभालीत आम्हाला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: स्वॅपिनेस (मेमरीतला मजकूर डिस्कवर किती सहज हलवायचा, ते ठरवणारा आकडा) १० केला, तपासला तर १० दिसला, मग रीबूटनंतर पुन्हा ६० कसा? बहुतेक वेळा तुमचा बदल हरवलेला नसतो. तुमची फाइल वाचली जाते, पण तिच्यानंतर वाचली गेलेली दुसरी फाइल त्यावर जुना आकडा लिहिते. (फाइलींची आणि कमांडची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करायची अक्षरे सर्व्हर ताब्यात देताना दिलेल्या कागदावर आहेत.)

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, या सेटिंग सिसकंट्रोल नावाचे साधन लावते. ईटीसी या सेटिंगच्या डिरेक्टरीमध्ये त्याची एक मुख्य फाइल असते, सिसकंट्रोल.कॉन्फ, आणि शेजारी सिसकंट्रोल.डी नावाची डिरेक्टरी. तशीच डिरेक्टरी यूएसआर-लिबमध्येही असते. तिथल्या फाइली पॅकेजसोबत येतात, त्यांना हात लावू नये. बूट होताना या सगळ्या डिरेक्टऱ्यांतल्या फाइली एकत्र धरून नावाच्या क्रमाने लावल्या जातात. फाइल कोणत्या डिरेक्टरीत आहे, यावर तिचा नंबर ठरत नाही. एकच सेटिंग दोन फाइलींत असेल, तर शेवटी वाचलेली टिकते.

आता नेहमीची चूक. "९९ म्हणजे सर्वात शेवटी" असे समजून ईटीसीतल्या सिसकंट्रोल.डीमध्ये ९९-कस्टम.कॉन्फ अशी फाइल केली जाते आणि तिच्यात स्वॅपिनेस १० लिहिला जातो. पण लिनक्सच्या डेबियन १२ वर, तसेच अल्मा आणि रॉकी या प्रकारांच्या ९ व्या आवृत्तीवर, त्याच डिरेक्टरीत ९९-सिसकंट्रोल.कॉन्फ नावाची लिंक असते आणि ती थेट मुख्य फाइलकडे जाते. इंग्रजी वर्णमालेत 'सी' आधी, 'एस' नंतर. म्हणजे तुमची कस्टम फाइल आधी वाचली जाते, मुख्य फाइल नंतर. मुख्य फाइलीत कुणीतरी पूर्वी लिहिलेली ६० ची ओळ राहिली असेल, तर तीच जिंकते.

मग तपासताना १० कसा दिसला? कारण तपासण्यापूर्वी सिसकंट्रोलच्या कमांडला 'डॅश पी' लावून फक्त तुमचीच फाइल लोड केलेली असते. ही कमांड बाकीच्या फाइलींकडे पाहतच नाही. पुढे नाव न देता नुसते 'डॅश पी' चालवले, तर केवळ मुख्य फाइल वाचली जाते. खरी परीक्षा 'डबल डॅश सिस्टिम' लावून होते. त्यात सगळ्या फाइली क्रमाने लागतात आणि कोणती फाइल केव्हा लागली, हे स्क्रीनवर ओळीने दिसते. ते चालवूनही १० राहिला, तरच पुढे जा. फाइली हातात घेऊन बघायच्या असतील, तर 'सिस्टिमडी-ॲनालाइझ कॅट-कॉन्फिग' या कमांडला डिरेक्टरीचे नाव द्या. बूट होताना वाचल्या जाणाऱ्या क्रमाने सगळा मजकूर समोर येतो.

उपाय म्हणजे मुख्य फाइलीतली जुनी ओळ काढून टाकणे. फाइलीचे नाव झेडझेडने सुरू करून पळवाट काढू नये. बूट होताना ती शेवटी येईल खरी, पण 'डबल डॅश सिस्टिम' मुख्य फाइल सर्वात शेवटी वाचतो. मग बूटनंतर एक आकडा आणि कमांडनंतर दुसरा, असा घोळ होतो, आणि तो शोधायला पहिल्या चुकीपेक्षा जास्त वेळ जातो.

"एवढ्याशा कामाला तुम्ही दोन-तीन फाइली का करता?" असेही काही ग्राहक विचारतात. आम्ही मुख्य फाइल रिकामी ठेवतो, आमच्या सेटिंग ६० ने आणि तुमच्या ९० ने सुरू होणाऱ्या फाइलीत लिहितो. मुख्य फाइलीत बदल केलेला असला आणि पॅकेजमधली फाइलही बदलली, की अपडेट होताना डेबियन विचारतो: जुनी ठेवू की नवी टाकू? घाईत चुकीचे उत्तर दिले की सेटिंग गेल्या. वेगळ्या फाइलीबद्दल हा प्रश्न येत नाही. शिवाय डेबियन १३ मध्ये बूट होताना मुख्य फाइल वाचलीच जात नाही. सगळे काही तिच्यातच लिहिले असेल आणि तुम्ही १२ वरून १३ वर गेलात, तर रीबूटनंतर एकही सेटिंग लागणार नाही आणि कसलीही सूचना येणार नाही. वर्षानुवर्षे आम्ही वेगळ्या फाइलींचा आग्रह धरला, तो अशाच वेळी कामी येतो.

इलॅस्टिकसर्च हे शोधाचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. त्याला मॅक्स-मॅप-काउंट (एका प्रोग्रॅमला मेमरीचे किती भाग जोडता येतील, ती मर्यादा) निदान २६२१४४ लागतो, आणि त्याच्या पॅकेजसोबत यूएसआर-लिबमध्ये स्वतःची फाइल येते. तिचे नाव अक्षराने सुरू होते, म्हणून ती आकड्यांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फाइलींनंतर वाचली जाते. ९० च्या फाइलीत वेगळा आकडा लिहून उपयोग नाही. ईटीसीतल्या डिरेक्टरीत अगदी त्याच नावाची फाइल करा, म्हणजे पॅकेजची फाइल पूर्ण बाजूला पडते. पूर्ण म्हणजे पूर्णच: मूळ फाइलीतल्या इतर ओळी हव्या असतील, तर त्याही तुमच्या फाइलीत उतरवाव्या लागतात.

नावाचा शेवट .कॉन्फ नसेल तर फाइल मुकाट्याने वगळली जाते. उलट, ९०-जुनी.कॉन्फ म्हणून ठेवलेली बॅकअप प्रत मात्र वाचली जाते, म्हणून प्रती या डिरेक्टरीत ठेवू नका. क्रम आकड्याच्या किमतीने नव्हे, अक्षरागणिक लागतो. १०० ने सुरू होणारी फाइल २० च्या आधी येते, म्हणून दोनच अंक वापरा. ओळ खोडली तरी चालू आकडा रीबूट होईपर्यंत तसाच राहतो. नेटवर्कच्या कनेक्शन-ट्रॅकिंगची किंवा ब्रिजची सेटिंग "सापडत नाही" असे दिसले, तर तिचे मॉड्यूल (कर्नलला वेगळा जोडायचा भाग) अजून लोड झालेले नसते. मॉड्यूल्स-लोड.डी या डिरेक्टरीत त्याचे नाव लिहिले, की ते सेटिंगच्या आधी चढते.

वार्षिक देखभाल करारात ही तपासणी धरलेली आहे. करार नसेल तरी डेबियन १३ वर जाण्याआधी एकदा करून घ्या, एका सर्व्हरला साधारण अर्धा तास लागतो. तक्रार पाठवताना कॅट-कॉन्फिगचा पूर्ण मजकूर आणि सध्याचा चालू आकडा, दोन्ही पाठवा, आणि तेही रीबूट करण्यापूर्वी. रीबूट झाल्यावर आधीचा चालू आकडा आम्हाला पाहता येत नाही.