जिताडा आधी नर असतो

अलिबाग-पेणकडच्या जुन्या माणसांना विचारून बघा, कचेरीत अडलेलं काम पूर्वी कशानं सुटायचं? हसत उत्तर येईल, जिताड्यानं. साहेबांच्या घरी चार-पाच किलोचा ताजा जिताडा पोचला की अडलेली फाइल पुढे सरकायची म्हणे. यातली थट्टा वजा केली तरी एक गोष्ट उरते. हवा तेव्हा हवा तेवढा मोठा मासा हाताशी असायचा, कारण तो खाडीत शोधायला जावं लागत नव्हतं. तो घराशेजारच्या तळ्यात राखलेला असायचा.

हा मुलूख खारेपाटाचा. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि मधल्या जमिनीत भात पिकवायचं. चरी गावचा १९३३ ते १९३९ असा सहा वर्षांचा शेतकरी संप झाला तो याच पट्ट्यात. भाताच्या खाचरांजवळ तळी असत. पावसाळ्यात खाडीच्या उथळ पाण्यात जिताड्याची पिल्लं मिळत, ती आणून तळ्यात सोडायची. तळ्यातले बारीक मासे खाऊन ती वाढत. शहापूर-धेरंडसारखी गावं या तळ्यांसाठी ओळखली जातात. मत्स्यशेती हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधीची ही मत्स्यशेती.

मग तिचा मोठा उद्योग का झाला नाही? मासा तर हवा तसा आहे. मांस पांढरं, काटे मोजके आणि जाड, भाव उत्तम. सिंधुदुर्ग-गोव्यात हाच चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. शास्त्रीय नाव लेटिस कॅल्कॅरिफर. गोड्या पाण्यात राहतो, निमखाऱ्यात राहतो, समुद्रातही राहतो. कोकणातलं उबदार पाणी त्याला मानवतं. घोडं अडतं ते पिल्लांपाशी, आणि तिथं का अडतं ते समजायला या माशाचं चमत्कारिक आयुष्य पाहावं लागतं.

जिताडा आधी नर असतो. नर म्हणूनच तो वयात येतो, एक-दोन हंगाम प्रजननात भाग घेतो आणि मग काही वर्षांनी, वजन साधारण तीन-चार किलोंच्या पुढे गेलं की त्याची मादी होते. वृषणाच्या ऊती झडत जातात आणि त्यांच्या जागी अंडाशय तयार होतं. माशांच्या दुनियेत हे अगदीच जगावेगळं नाही, पण याचा हिशेब सरळ आहे. लहान शरीरातही शुक्राणू पुरेसे तयार होतात. अंडी मात्र जितकं शरीर मोठं तितकी जास्त. मोठी मादी एका हंगामात लाखोंनी अंडी घालते. म्हणून लहानपणी नर आणि थोरपणी मादी, हा सौदा निसर्गाला परवडतो.

मत्स्यपालकाला तो परवडत नाही. तळ्यातला जिताडा किलो-दीड किलोचा झाला की विकला जातो. म्हणजे आपल्या ताटात येणारा पाळीव जिताडा जवळपास नेहमी नरच. (गाबोळीची, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांची, आस असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.) अंडी हवी असतील तर कुणीतरी काही मासे न विकता वर्षानुवर्षं पोसायला हवेत. रोज खाणारे, रोज जागा अडवणारे आणि कैक वर्षं एक पैसाही न देणारे. एकट्या शेतकऱ्याला हे कसं जमणार? खाडीतले मोठे मासे धरून आणावेत म्हटलं, तर जाळ्यात येणारा प्रत्येक मोठा मासा बहुधा मादीच असतो. मोठा जिताडा मारणं म्हणजे नेमकी अंडी देणारी पिढी मारणं.

दुसरी अडचण मिठाची. जिताडा वाढतो नदी-खाडीत, पण अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात जातो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं; याच्या अंड्यांना २८ ते ३२ ग्रॅम लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांशी या विणीचा मेळ असतो. गोड्या पाण्याच्या तळ्यात मासा धष्टपुष्ट होईल, वीण होणार नाही.

माणसाच्या हाताखाली वीण घडवण्याचं हे कोडं थायलंडमध्ये सोंगख्ला इथं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुटलं. भारतात चेन्नईच्या केंद्रीय खारे जल जलजीवपालन संस्थेनं १९९७ मध्ये ते साधलं. जोपासलेल्या नर-माद्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं, खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकत्र सोडायचं. मोहरीच्या दाण्याहून लहान, जेमतेम पाऊण मिलिमीटरची पारदर्शक अंडी पृष्ठभागावर तरंगतात आणि साधारण १५ ते १८ तासांत फुटतात. तिसऱ्या दिवसापासून पिल्लांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, पुढच्या आठवड्यात आर्टेमिया हे कोळंबीच्या जातीचे इवले जीव, आणि मग हळूहळू कोरड्या खाद्याची सवय. म्हणजे हॅचरीवाल्यानं, अंड्यांतून पिल्लं काढणाऱ्यानं, पिल्लांच्या आधी पिल्लांच्या जेवणाची शेती करायची, आणि त्या जेवणासाठी शेवाळाची.

एवढं करून हाती आलेली पिल्लं मग एकमेकांना खातात.

जिताड्याचं तोंड मोठं. स्वतःच्या लांबीच्या साठ टक्के लांबीचं भावंडसुद्धा तो गिळू शकतो. एकाच दिवशी जन्मलेल्या पिल्लांत दोन-चार जरा भरभर वाढली की त्यांनी बाकीच्यांवर ताव मारायला सुरुवात केलीच म्हणून समजा. एका दांडग्यानं रोज दोन गिळली तर महिन्यात साठ गेली, आणि तळ्यात मेलेलं एकही दिसत नाही. पहिल्या दोनेक महिन्यांत हा प्रकार सर्वात भयंकर. म्हणून पिल्लं थेट तळ्यात न सोडता आधी हाप्यात, म्हणजे पाण्यात ताणून बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात वाढवायची, आणि दर तीन-चार दिवसांनी चाळून आकाराप्रमाणे वेगळी करायची. ‘बीज टाकलं पण हाती काही लागलं नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा न केलेली निवडणी असते. मला विचाराल तर या धंद्याचा खरा नफा-तोटा इथंच ठरतो.

खाद्याचं थोडक्यात सांगतो. बाजारातली बारीक मासळी घातली तर एक किलो जिताड्याला पाच-सहा किलो लागते. गोळीखाद्य दीड-दोन किलोंत भागतं. ट्रॉलरनं खरवडून आणलेली कोवळी मासळी घालून महाग मासा पोसणं मला तरी पटत नाही. गोळीखाद्यातही माशाची पूड असतेच, कारण या शिकाऱ्याला चाळीस टक्क्यांच्या पुढे प्रथिनं लागतात. सोयाबीनवर त्याची बोळवण पूर्णपणे होत नाही. तळ्यात तिलापिया वाढू देऊन त्याच्या पिल्लांवर जिताडा पोसणं ही जुनी युक्ती छोट्या शेतकऱ्याला अजूनही बरी.

महाराष्ट्रात २०१७ पासूनच्या कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजनेत गावगटांना खाडीत पिंजऱ्यातला जिताडा, चिंबोरी, कालवं यांसाठी मदत मिळते. कांदळवन राखणाऱ्यालाच उत्पन्न, ही कल्पना मला आवडते, कारण जिताड्याची पिल्लं वाढतात ती याच झाडांच्या मुळांत. केंद्राच्या २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेतही पिंजऱ्यांना अनुदान आहे. पण पिंजरा हा साखळीतला सोपा दुवा. पिल्लं तमिळनाडूतून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत आणायची असतील, तर लांबच्या प्रवासातला ताण, मर आणि भाडं शेतकऱ्याच्याच माथी. त्यातून नोडा विषाणूची लागण झालेली पिल्लं आली, तर गिरक्या घेत मरतात.

प्रत्येक तालुक्यात हॅचरी काढा असं मी म्हणणार नाही. ते खर्चिक काम आहे, किनाऱ्यावर एखाद-दुसरी चांगली पुरे. पण पिल्लं बोटभर होईपर्यंत सांभाळणारी संगोपन केंद्रं गावोगाव निघू शकतात. त्यांना समुद्र लागत नाही, मोठी जमीन लागत नाही. चार हापे, वेगवेगळ्या फटींच्या चाळण्या आणि उन्हं चढायच्या आत पिल्लं निवडणारे हात एवढं पुरतं. सुक्या मासळीची प्रतवारी ज्या बायका डोळे झाकून करतात, त्यांना दांडगा आणि दुबळा ओळखायला शिकवावं लागणार नाही.